जरा पत्रा धर रे!

मुलांनो, पुढं वाचण्याआधी दप्तरातली फूटपट्टी बाहेर काढा. प्लॅस्टिकची असली तर उत्तम. तिचं एक टोक टेबलाच्या कडेवर हातानं घट्ट दाबून ठेवा आणि बाहेर आलेलं टोक बोटानं खाली ढकला. वाकली ना? आता तीच पट्टी धारेवर उभी धरा आणि पुन्हा तसंच ढकलून बघा. काय झालं? पट्टी तीच, बोटही तुमचंच; पण आता ती वाकायचं नाव घेत नाही!

याचं कारण सोपं आहे. वाकण्याला विरोध होतो तो जाडीमुळे, आणि जाडीचा हिशेब फार गमतीदार आहे. जाडी दुप्पट केली, तर ताठपणा दुप्पट होत नाही. तो दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठपट होतो. उलट जाडी निम्मी केली, तर ताठपणा एकदम आठव्या हिश्शावर येतो. दहा मिलिमीटर जाड पट्टीच्या मानानं एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा ताठपणा असतो फक्त हजारावा हिस्सा!

हा गुणाकार डोक्यात राहू द्या. कारण आज मी तुम्हाला एक अगदी साधी वाटणारी, पण भल्याभल्यांना घाम फोडणारी गोष्ट सांगणार आहे : पातळ पत्रा धरायचा कसा?

तुम्ही म्हणाल, "बाई, पत्रा धरण्यात काय मोठंसं? हातानं धरायचा!" थांबा. त्याच 'हातानं' शब्दापाशी आपल्याला यायचं आहे.

मी आजऱ्याला प्राथमिक शाळेत शिकवते. डी.एड. करताना आम्हाला शैक्षणिक साहित्य बनवायला शिकवलं होतं, पण ते सगळं पुठ्ठा, घोटीव कागद आणि डिंक यांचं. धातूचं काम मी शिकले माझ्या बाबांकडून. बाबा कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर होते. टर्नर म्हणजे लेथ मशीनवर काम करणारा कारागीर. कुंभाराचं चाक कुशीवर निजवलं तर कसं दिसेल? तसंच काहीसं लेथ असतं. त्यात धातूचा तुकडा गरगर फिरतो आणि जागेवर घट्ट बसवलेलं धारदार टूल त्याला हवा तसा कापत जातं. काम सोडून बाबा गावी आले, तेव्हा सोबत एक जुनं, लहानसं लेथ घेऊन आले. आता आमच्या मागच्या पडवीत एका भिंतीला घनसाळ भाताची पोती आणि दुसऱ्या भिंतीला लेथ, ड्रिल मशीन आणि व्हाइस, असा संसार आहे. पावसाळ्यात दोन्हींना ओल लागू नये म्हणून आईची आणि बाबांची जागेवरून जुंपते, ती गोष्ट वेगळी!

आता पत्र्याची गरज कशी पडली ते सांगते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मला 'हलणाऱ्या चित्रांची चकती' करायची होती. बेल्जियममधल्या जोसेफ प्लॅटो या शास्त्रज्ञानं १८३२ साली हे खेळणं शोधून काढलं. एका गोल चकतीच्या कडेला सारख्या अंतरावर बारा अरुंद खाचा असतात. खाचांच्या आतल्या बाजूला बारा चित्रं काढायची. पहिल्या चित्रात बेडूक बसलेला, दुसऱ्यात थोडा उठलेला, तिसऱ्यात हवेत, असं करत करत. मग चित्रांची बाजू आरशाकडं करून चकती फिरवायची आणि मागून, फिरत्या खाचांमधून, आरशात बघायचं. बेडूक चक्क उड्या मारतो! प्रत्येक खाच डोळ्यासमोरून गेली, की क्षणभर एक चित्र दिसतं, मग अंधार, मग पुढचं चित्र. सेकंदाला एक फेरी झाली तरी बारा चित्रं दिसतात, आणि आपला मेंदू ती जोडून घेतो.

पुठ्ठ्याची चकती करायला दहा मिनिटं लागतात. पण आजऱ्याच्या पावसात पुठ्ठा पापडासारखा वाकडा होतो, आणि शंभर पोरांचे हात लागले की खाचा फाटतात. म्हणून मी ठरवलं, एक मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या चार चकत्या करायच्या. चार वर्ग, चार चकत्या. प्रत्येक १६० मिलिमीटर व्यासाची.

आता गंमत बघा. असा पत्रा धरायला गेलं, की तो तीन खोड्या करतो.

पहिली खोडी, फुगण्याची. लेथला वस्तू धरणारा जो भाग असतो त्याला चक म्हणतात. त्याचे तीन जबडे वस्तूला चारी बाजूंनी आवळतात. जाड लोखंडी गोळा असेल तर आवळा खुशाल. पण पातळ चकती कडेनं आवळली, की ती मध्येच वाटीसारखी फुगते. वाटी झालेली असताना तुम्ही ती कितीही सरळ कापा. जबडे सैल केले की वाटी पुन्हा सपाट व्हायला बघते आणि तुमचं सरळ कापलेलं वाकडं होऊन बसतं.

दुसरी खोडी, थरथरण्याची. पत्र्याच्या पाठीशी आधार नसला, की टूल लागल्याबरोबर तो मागं दबतो, मग उसळून पुढं येतो, पुन्हा दबतो. किर्रर्र असा कानठळ्या बसवणारा आवाज येतो आणि कापलेल्या जागी लाटा उठतात. बाबा पलीकडच्या खोलीत चहा पीत असले तरी आवाजावरून ओळखतात. तिथूनच ओरडतात, "पोरी, त्येला दाबू नगंस, टेकू दे टेकू!"

हेच या कामाचं मर्म आहे, बरं का. जाड वस्तू जोरानं धरता येते. पातळ वस्तूला जोर सोसत नाही. तिला पाठभर टेकू लागतो.

तिसरी खोडी सगळ्यांत वाईट. ती आहे भोक पाडतानाची.

ड्रिलचं पातं पत्र्यात शिरतं, तोवर सगळं ठीक चाललेलं असतं. पण टोक खालच्या बाजूनं बाहेर पडायला लागतं, त्या क्षणी काय होतं? पात्याच्या टोकाला खालचा आधार उरत नाही. भोक अजून पुरतं गोल झालेलं नसतं, आणि पात्याच्या दोन्ही धारा उरलेल्या पातळ पत्र्यात एकदम रुततात. पात्याला पिळाची खोबण असते हे तुम्ही पाहिलं असेल. स्क्रूवर नट चढावा तसा पत्रा त्या पिळावरून सर्रकन वर चढतो आणि पात्याबरोबर गरगर फिरायला लागतो.

किती वेगानं? चला, गणितच करू. मशीन मिनिटाला हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला जवळजवळ सतरा फेरे झाले. सतरा सेंटिमीटर बाजूचा चौकोनी पत्रा असला, तर त्याचा कोपरा मध्यापासून बारा सेंटिमीटरवर येतो. म्हणजे एका फेऱ्यात तो कोपरा पाऊण मीटर पळतो आणि एका सेकंदात साडेबारा मीटर. ताशी हे झाले ४५ किलोमीटर! आंबोली घाट चढणाऱ्या एसटीपेक्षा जास्त वेग, आणि कोपरा सुरीसारखा धारदार. आता हात मागं घ्यायला आपल्याला किती वेळ लागतो? डोळ्यांनी पाहिलं, मेंदूला कळलं, हाताला हुकूम गेला, यात सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी जातोच. तेवढ्यात पत्र्याचे तीन फेरे होऊन गेलेले असतात.

मी पहिलीत असताना बाबांच्या बोटांवर आकडे मोजायचे. दरवेळी नऊपर्यंत नीट जायचं आणि मग गाडी अडायची. बाबांच्या डाव्या हाताची तर्जनी मधल्या पेरापाशीच संपते. "साडेनऊ," असं मी मोठ्यानं म्हणायचे आणि बाबा हसायचे. ते बोट कुठं गेलं हे त्यांनी मला बरंच उशिरा सांगितलं. एकोणीस वर्षांचे असताना एका कारखान्यात पितळेच्या छोट्या पत्र्याला भोक पाडत होते. एकच भोक होतं. व्हाइस दुसऱ्या कुणाच्या कामात अडकला होता. शेजारचा म्हणाला, "एवढ्यासाठी कशाला थांबतोस? धर हातानं." त्यांनी धरला.

बाबा ही गोष्ट सांगताना कुणावर रागावत नाहीत. फक्त एवढंच म्हणतात, "एकच भोक, म्हणून माणूस फसतो. शंभर भोकं असती तर नीट बांधूनच घेतलं असतं."

म्हणून आमच्या पडवीत पहिला नियम हा आहे : फिरत्या मशीनखाली पत्रा हातानं धरायचा नाही. एका भोकासाठीही नाही.

मग धरायचा कसा? आता आमच्या चार चकत्यांची हकिगत ऐका.

वहीचं एक पान बोटानं सहज वाकतं. पण अख्ख्या वहीचा गठ्ठा दोन फळ्यांत घालून शिकंज्यात दाबला, की तो लाकडाच्या ठोकळ्यासारखा वागतो. बाइंडिंग करणारे वह्यांच्या कडा कापतात त्या अशाच. आम्हीही तेच केलं. चार पत्रे एकावर एक ठेवले आणि वर-खाली बारा-बारा मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडच्या फळ्या घेतल्या. चार मिलिमीटर पत्रा आणि चोवीस मिलिमीटर लाकूड, असं अठ्ठावीस मिलिमीटरचं जाड सँडविच तयार झालं! पत्रे नुसते एकमेकांवर ठेवले असते तर ते एकमेकांवरून घसरले असते आणि फायदा थोडाच झाला असता. करकचून आवळले, की घसरायला जागा राहत नाही आणि ते एकजीव होऊन वागतात. सुरुवातीचा गुणाकार आठवतो ना? जाडी वाढली, की ताठपणा कसा झपाट्यानं वाढतो!

हे सँडविच सी-क्लॅम्पनं ड्रिलच्या टेबलाला बांधलं आणि मध्ये सहा मिलिमीटरचं भोक पाडलं. आता पातं पत्र्यातून बाहेर पडतं ते थेट खालच्या लाकडात. त्याला आधार सुटल्याचं कळतच नाही! त्यामुळं रुतणं नाही, चढणं नाही, गरगरणं नाही. भोकाच्या कडेला एरवी जी बोचरी बर येते, तीही जवळजवळ नाही.

पुढचा प्रश्न होता, सँडविच बांधून ठेवायचं कसं? मधल्या एका बोल्टवर काम भागण्यासारखं नव्हतं. कापताना पत्रे फिरले असते. आणखी बोल्ट घालायचे तर चकतीला नको तिथं भोकं पडणार. बाबांनी थोडा वेळ डोकं खाजवलं आणि मला विचारलं, "खाचा किती पाडणार हाईस?"

"बारा."

"खाचेच्या आतल्या टोकाला काय आसतंय?"

"काय असणार? खाच संपते तिथं."

"मग तितंच भोक पाड की! नाहीतरी ती जागा जाणारच हाय."

बघा हं, किती सोपी युक्ती! जिथं धातू नाहीतरी काढून टाकायचा आहे, तिथंच धरायची सोय करायची. बारा खाचांच्या आतल्या टोकांना आम्ही तीन-तीन मिलिमीटरची बारा भोकं पाडली. त्यांतल्या चारांत बोल्ट घालून सगळं आवळलं. चौकोनाचे कोपरे कापून अष्टकोन केला, म्हणजे लेथवर फिरताना कोपरे टूलवर आपटायला नकोत. मधल्या भोकात लांब बोल्ट घालून तो चकमध्ये धरला आणि समोरून टेलस्टॉकच्या फिरत्या टोकानं सँडविच दाबून ठेवलं. मग कडेनं हळूहळू कापत गेले. लाकडाचा भुसा आणि अॅल्युमिनियमचा चकचकीत कीस एकदमच उडत होता. अर्ध्या तासात चारही चकत्या गोल, आणि चारही अगदी एकसारख्या!

खाचांसाठी हॅक्सॉ वापरली. इथंही पातळ पत्र्याची एक खोडी आहे. साध्या हॅक्सॉच्या पात्याला इंचाला चोवीस दात असतात, म्हणजे दर मिलिमीटरला साधारण एक दात. एक मिलिमीटरचा सुटा पत्रा कापायला गेलं, तर एका वेळी जेमतेम एकच दात पत्र्यावर टेकतो. तो अडकतो, पत्रा दुमडतो, नाहीतर दातच तुटतो. कमीत कमी दोन-तीन दात तरी एका वेळी टेकायला हवेत. सँडविचमध्ये मात्र एका वेळी पंचवीसएक दात टेकतात आणि करवत कशी लोण्यासारखी चालते. खाच थोडी रुंद हवी म्हणून हॅक्सॉच्या चौकटीत दोन पाती शेजारी-शेजारी लावली. व्हाइसचे जबडे लागत होते लाकडाला, पत्र्याला नाही. त्यामुळं ओरखडाही उठला नाही. आधी आठ खाचा पाडल्या. मग त्या चार बोल्टांना तयार खाचांच्या भोकांत हलवलं आणि राहिलेल्या चार पाडल्या. फळ्या सोडल्या तेव्हा आतून चार सपाट चकत्या निघाल्या, पुस्तकातून पानं निघावीत तशा.

मुलांनो, अशीच एक पातळ फिरती चकती आपल्या कोल्हापूरच्या मोठ्या अभिमानाच्या वस्तूशी जोडलेली आहे. फिल्मवर चालणाऱ्या सिनेमाच्या कॅमेऱ्यात भिंगामागं एक चकती फिरत असते. फिल्म पुढं सरकत असते तेव्हा ती उजेड अडवते आणि फिल्म क्षणभर थांबली, की उजेड आत सोडते. म्हणजे आपल्या खाचांच्या चकतीचीच ती बहीण! कोल्हापुरात नाटकाचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यानं भाऊ. त्यांनी चित्रपट काढायचं मनावर घेतलं आणि त्यासाठी कॅमेराही आपणच बनवायचं ठरवलं. १९१६ साली आनंदराव वारले. पण बाबूरावांनी काम सोडलं नाही. विष्णुपंत दामले यांच्या मदतीनं त्यांनी १९१८च्या सुमारास तो कॅमेरा पुरा केला आणि पुढं १९२० साली त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा चित्रपट आला. हेच दामले पुढं 'प्रभात'चे एक संस्थापक झाले. अशा कॅमेऱ्यात दातेरी चाकं लागतात, फिल्म सपाट ठेवणाऱ्या पट्ट्या लागतात, ही झडपेची चकती लागते. कुठं केसभर वाकलं, की पडद्यावरचं चित्र थरथरलंच म्हणून समजा. ब्रश धरणाऱ्या हातांनी हे सगळं जमवलं. बाबूरावांचं खरं आडनाव काय होतं ठाऊक आहे? मेस्त्री!

पण समजा, सँडविच करून चालणारच नाही, पत्र्याच्या वरच्या पृष्ठभागावरच काम करायचं आहे. तिथं फळी ठेवली तर टूल लागणार कुठं? अशा वेळी काय?

याचं उत्तर तुम्हाला सोनाराच्या दुकानात मिळेल. चांदीच्या पातळ पत्र्यावर उठावाची नक्षी करताना कारागीर तो पत्रा राळेवर बसवतात. राळ, विटेची भुकटी आणि थोडं तेल एकत्र गरम करून त्याचा लगदा करायचा, तो ऊन असतानाच त्यावर पत्रा दाबायचा आणि थंड होऊ द्यायचा. राळ कडक होते आणि पत्र्याच्या पाठीला कणाकणानं टेकू मिळतो. ठोकून झालं, की पुन्हा ऊब द्यायची. पत्रा सुटून येतो. जुने घड्याळजीही हेच करत. घड्याळाचं नाजूक चाक पितळेच्या चकतीवर चपडी लाखेनं चिकटवायचं, लेथवर कापायचं, ऊब देऊन सोडवायचं आणि राहिलेली लाख स्पिरिटनं धुऊन काढायची. कुठं आवळणं नाही, कुठं दाबणं नाही.

आता आम्ही पडवीत त्याच कामाला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरतो. तिची अट एकच : तेलाचा अंशही नको. पत्रा साबणानं धुवायचा, वाळवायचा, मग जाड सपाट पट्टीवर टेपनं चिकटवून वरून सगळीकडं सारखा दाबायचा. कापताना थोडं थोडंच कापायचं, कारण पत्रा तापला की टेप सैल पडते. आणि काढताना घाई करून उचकटायचा नाही. इतका वेळ सपाट ठेवलेला पत्रा उचकटतानाच वाकला, तर काय उपयोग?

मोठ्या कारखान्यांत आणखी युक्त्या आहेत. लोखंडाचा पत्रा असेल, तर चुंबकाच्या टेबलावर नुसता ठेवायचा. पण आपलं अॅल्युमिनियम किंवा पितळ चुंबकाला दाद देत नाही. मग तिथं हवेला कामाला लावतात. बारीक भोकांच्या टेबलावर पत्रा ठेवून खालची हवा ओढून घेतात. आपल्या डोक्यावरच्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो. दहा सेंटिमीटर लांब-रुंद पत्रा घ्या. त्याच्याखालची हवा पूर्ण काढता आली, तर वरून शंभर किलोचा भार पडेल, आणि तोही सगळीकडं सारखा. मोठा माणूस पत्र्यावर उभा राहिल्यासारखं. पण पत्र्याला कुठं चिमटा नाही!

आणि एक गोष्ट. पत्रा नीट धरला, तरी तो शेवटी वाकू शकतो. कारखान्यात रुळांमधून दाबून पत्रा बनवतात, तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंत ताण अडकून बसतो. दोन्हीकडचा ताण सारखा असतो तोवर पत्रा सपाट. तुम्ही एकाच बाजूनं साल काढली, की तोल बिघडतो आणि एका बाजूनं ऊन लागलेल्या पापडासारखा तो वळतो. म्हणून थोडं या बाजूनं, उलटून थोडं त्या बाजूनं, असं काढत जायचं.

आता सांगते, हे सगळं मी तुम्हाला का लिहिलं.

आमच्या शाळेतून सातवी होऊन गेलेला एक मुलगा आता नववीत आहे. हुशार आहे, हाताचा तर फारच. त्याच्या काकांची ग्रिल आणि गेट बनवायची शेड आहे. रविवारी तो तिथं मदतीला जातो. आमच्या चकत्या बघायला तो पडवीत आला होता. म्हणाला, "बाई, एवढा खटाटोप कशाला? मी पकडीनं धरतो आणि पाडतो भोक. काकांचं असंच चालतंय."

मी काही बोलायच्या आत बाबांनी डावा हात त्याच्यापुढं धरला. म्हणाले, "मोज."

त्यानं मोजलं. मग बराच वेळ गप्प बसला. मग विचारलं, "पण आजोबा, काकांकडं व्हाइस एकच आहे. त्यात कायम कुणाचं तरी काम असतंय. मग मी काय करू?"

प्रश्न खरा होता. बाबांचा पत्रा सुटला होता तो याच कारणानं. बाबांनी त्याला एक जाड फळी दिली. फळीला दोन भोकं पाडून ती ड्रिलच्या टेबलाला बोल्टनं कायमची बसवायची. पत्रा फळीवर ठेवायचा, वरून लाकडाचा तुकडा ठेवायचा आणि दोन सी-क्लॅम्पनं दोन्हीकडून आवळायचा. शिवाय एक जास्तीची खबरदारी. ड्रिल वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणं फिरतं; म्हणून पत्र्याचं लांब टोक आपल्या डाव्या हाताला ठेवायचं आणि त्या टोकाच्या मागं, मशीनच्या खांबाच्या बाजूला, फळीत एक जाड बोल्ट उभा करायचा. क्लॅम्प सैल पडून पत्रा फिरायला गेलाच, तर तो बोल्टला जाऊन अडतो, आपल्याकडं येत नाही. सगळ्याचा खर्च म्हणाल, तर क्लॅम्प सोडून जवळजवळ शून्य.

पहिल्या रविवारी काका हसले म्हणे. "शाळा काढलीस व्हय रं इथं?" असं म्हणाले. पण फळी काढून टाकली नाही. मागच्या महिन्यात मी शाळेच्या खिडकीच्या ग्रिलचं विचारायला तिकडं गेले होते. काका स्वतःच ड्रिलवर उभे होते. पत्रा फळीवर होता, क्लॅम्प आवळलेले होते, आणि बोल्टाच्या डोक्यावर पत्र्याच्या कडेचा एक ताजा, खोल ओरखडा होता. तो ओरखडा मी पाहिला, काकांनीही मला पाहताना पाहिलं. आम्ही दोघंही त्याबद्दल काही बोललो नाही. ग्रिलचा भाव तेवढा ठरवला.

तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या घरी किंवा शेजारी अशी शेड असेल. कुणाच्या मामाचं गॅरेज असेल, कुणी पुढं आयटीआयला जाणार असेल. तेव्हा एवढं पाठ करून ठेवा. मशीनला हात लावायचा तो जाणत्या माणसासमोरच. डोळ्यांवर चष्मा हवा. मुलींनो, वेणी वर बांधा. ओढणी आणि बांगड्या बाहेर काढून ठेवा. सैल बाह्या नकोत. हातमोजे तर मुळीच नकोत. हातमोजे म्हणजे संरक्षण असं वाटतं ना? पण फिरतं पातं मोज्याला पकडतं आणि मोज्याबरोबर हाताला ओढतं. कीस हातानं किंवा फुंकर मारून काढायचा नाही. मशीन थांबवून ब्रशनं काढायचा.

आणि चकतीचं म्हणाल, तर ती तुम्ही आजच पुठ्ठ्याची करून बघू शकता. जाड पुठ्ठ्याचा गोल कापा, दर तीस अंशांवर एक अशा बारा अरुंद खाचा पाडा, बारा चित्रं काढा, मध्ये टाचणी टोचून पेन्सिलीच्या खोडरबरात बसवा आणि आरशासमोर उभे राहा. मागची बाजू काळी रंगवलीत तर चित्र जास्त उठून दिसेल.

पण कधीतरी कुणी मोठं माणूस मशीनपाशी उभं राहून तुम्हाला हाक मारेल, "ए, जरा पत्रा धर रे! एकच भोक पाडायचंय." तेव्हा लाजायचं नाही आणि घाबरायचंही नाही. सरळ म्हणायचं, "थांबा काका, आधी फळी आणतो."